महागड्या ब्रँडचे कपडे लोक का घेतात? पैसे नेमके कशाचे जातात?

होटगीरोड_वाचक

सोलापुरात कापडाचा भाव कुणाला शिकवावा लागत नाही. चादर, टेरी टॉवेल, शाळेचे गणवेश सगळं इथंच तयार होतं. तरीही चार हजारांचा शर्ट, दहा हजारांची जीन्स, लग्नासाठी लाखाच्या पुढचा लेहंगा ही खरेदी इथंही जोरात आहे. 'दिखावा' म्हटलं की विषय मिटतो, पण कळत काहीच नाही. किंमत वाढते तेव्हा कपड्यात खरोखर काय वाढतं, ते कुठपर्यंत वाढतं, आणि त्यापुढचे पैसे लोक कशासाठी मोजतात? सूत, शिलाई, दुकान, हिशेब यातली माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं. ओळखायचं कसं तेही सांगावं.

ताणाबाणा

कापडापासून सुरुवात करतो, कारण ब्रँडचं नाव निघालं की आधी सगळे "कापड भारी असतं" म्हणतात. ते एका मर्यादेपर्यंत खरं आहे.

सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. ४० नंबरच्या ४० लडी, १०० नंबरच्या १००. नंबर चढला की सूत बारीक. साधा सुती शर्ट ४० किंवा ५० नंबरात असतो, त्यावर ६०. मग दुपदरी सूत लागतं: २/८०, २/१००, २/१२०. दोन बारीक धागे एकत्र पिळल्यामुळे कापड पातळ असूनही एकसारखं दिसतं आणि त्यावर गोळे कमी येतात.

हे सूत काढायला लांब तंतूचा कापूस लागतो. इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा, आपल्याकडे सुविन. तो आधीच महाग. त्यात कोंबिंग करताना आखूड तंतू बाजूला पडतात, म्हणजे वजनात घट. मग सुताची लव जाळायची, ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढायचं म्हणजे चकाकी येते. यातल्या प्रत्येक कामाला पैसा लागतो. चांगलं दुपदरी कापड साध्या सुती कापडाच्या तीन-चार पट भावाला जातं ते यामुळे, आणि तो भाव रास्त आहे.

आता पुढचा हिशेब बघा. पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) साधारण १.६ मीटर कापड लागतं. समजा मीटरचा भाव ६०० रुपये धरला, म्हणजे कापड बरंच वरच्या दर्जाचं झालं, तरी एका शर्टाचं कापड ९६० रुपयांचं. शर्ट आठ हजारांचा असेल तर उरलेले सात हजार कापडात नाहीत.

दोन ठिकाणी लोक फसतात. लेबलवर नुसतं '१००' लिहिलेलं असतं आणि सूत एकपदरी निघतं. २/१०० आणि एकपदरी १०० यांत टिकाऊपणाचा मोठा फरक. दुसरं म्हणजे 'कॉटन रिच'. त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. शिवणीच्या आतून चार धागे उपसून जाळून बघा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्रणात राख आणि मणी दोन्ही हाताला लागतात.

आणखी एक. बारीक म्हणजे टिकाऊ ही समजूत चुकीची आहे. २/१२० चा शर्ट रोज दुचाकीवर वापरला तर कॉलरची कड ५० नंबरच्या शर्टापेक्षा लवकर विरते. रोजच्या वापराला ५० ते २/८० पुरेसं. मेच्या उन्हात पातळ पॉपलिन नाहीतर लिनन घ्यावं. जाड ऑक्सफर्ड आपल्या हवेला जड पडतं, नाव कुठलंही असो.

काजबटण

कापडाचं वर आलंच आहे. शिलाई कशी तपासायची ते सांगतो, कारण दुकानात उभ्याउभ्या हे पाच मिनिटांत होतं.

कफच्या कडेला पट्टी लावा आणि एका इंचात टाके मोजा. स्वस्त मालात ९ ते १० निघतात, ठीक मालात १२ ते १४, चांगल्यात १६ ते १८. टाके वाढले की त्याच लांबीला मशीनचा वेळ वाढतो, सुई बारीक लागते आणि कारागिराचा हात सफाईचा लागतो. हलक्या कापडावर इतके टाके घातले तर टीप आकसते आणि कापडाला चुण्या पडतात. म्हणून टाके मोजले की कापडाचाही अंदाज येतो.

मग शर्ट उलटा करून बगलेची शिवण बघा. पाच दोऱ्यांचं ओव्हरलॉक असेल तर काम झटपट केलंय. दोन समांतर टिपा आणि कड आत दुमडलेली असेल तर मधला दर्जा. एकेका सुईने दोनदा टीप मारून शिवण पाव इंचाहून बारीक ठेवली असेल तर तो महागाचा शर्ट. ही शिवण धुतल्यावर मुरगळत नाही.

चौकड्याचा शर्ट असेल तर खिसा, पुढची पट्टी आणि खांद्याचा योक (खांद्यावरचा आडवा तुकडा) या तीन जागा बघा. चौकडा जुळवायचा तर कापताना कापड जास्त जातं आणि थर लावायला वेळ लागतो. खिसा जुळलेला असतो, कारण तो लगेच डोळ्यांत भरतो. बाही आणि योक जुळलेले असतील तर कारखान्याने खरंच कष्ट घेतलेत.

बटणाला मागून बोट लावून दोऱ्याचं टोक ओढा. साखळी टाक्याने बसवलेलं बटण एका ओढीत सुटू लागतं. लॉक टाक्याचं सुटत नाही. शिंपल्याचं बटण गालाला लावलं तर गार लागतं, प्लास्टिकचं तसं लागत नाही.

कॉलरच्या आत फ्यूजिंगचं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर असतं. गरम दाबाने ते कापडाला चिकटवतात. तापमान, दाब, वेळ यांतलं एक जरी चुकलं तर चार-सहा धुण्यांत कॉलरवर फोड येतात. हे दुकानात दिसत नाही. ब्रँडच्या बाजूने बोलायचं झालं तर इथे त्यांचे पैसे वसूल होतात, कारण चांगला ब्रँड धुऊन चाचणी घेतल्याशिवाय बकरम मंजूर करत नाही.

जुळे_सोलापूरकर

सगळे म्हणतात की ब्रँडचा आणि बिनब्रँडचा माल एकाच कारखान्यात शिवतात. मग फरक कसला?

काजबटण

कारखाना एक असू शकतो. बंगळूरला आणि तिरुपूरला एकाच छताखाली चार नावांचा माल निघतो हे खरं. पण प्रत्येक ऑर्डरचा कागद वेगळा असतो: सूत कुठलं, टाके किती, दोरा कुठला, बकरम कुठलं, माप किती मिलिमीटर इकडेतिकडे चालेल.

तपासणीचंही तसंच. ५०० नगांच्या लॉटमधून नेहमीच्या पातळीला ५० नग काढून तपासतात. दोष किती चालतील याचं २.५ चं प्रमाण ठरलं असेल तर ३ दोषी नगांपर्यंत लॉट पास होतो, चौथ्याला परत. ४.० ठरलं असेल तर ५ पर्यंत चालतात. लाइन तीच, माणसं तीच, पण दुसऱ्या ऑर्डरमधला जास्त खराब माल बाजारात जातो. गिऱ्हाइकाला आपल्या हातातला एकच नग दिसतो, म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

आपल्याकडचं गणवेशाचं उदाहरण घ्या. भिलवाड्याच्या पॉलिएस्टर-व्हिस्कोस सूटिंगची विजार शिवायची. शाळेचं काम असेल तर आत दाब (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) भरपूर ठेवतात, कारण मूल वाढणार आणि विजार उसवून मोठी करायची. फॅशनच्या विजारीत तोच दाब कापून टाकतात, कारण आतून सपाट दिसायला हवं. दोन्ही बरोबरच आहेत. वापरणारा वेगळा आहे.

हिशेबवही

किंमत कुठे जाते ते कराच्या अंगाने मांडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या विक्री किमतीला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे १८ टक्के. त्याआधी १,००० पर्यंत ५ आणि वर १२ होता. म्हणजे मधल्या भावाचा कपडा स्वस्त झाला आणि वरचा महागला.

३,९९९ छापील किंमत असेल तर त्यात कर धरलेला असतो. १.१८ ने भागा: कपड्याचे ३,३८९, कराचे ६१०. सेलमध्ये हाच शर्ट ४० टक्के सवलतीने २,३९९ ला मिळाला तर तो ५ टक्क्यांत येतो, कारण दर छापील किमतीवर ठरत नाही, प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर ठरतो. मग कर ११४ रुपयांच्या आसपास. बिलावर दर तपासून घ्या.

कर काढला की दुकानाचा वाटा येतो. ब्रँडच्या मालात तो बहुधा छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यातून जागेचं भाडं, एसी, पगार, पडून राहिलेला माल. उरलेल्यात कंपनीची जाहिरात, गोदाम, वाहतूक, सेलची तूट आणि नफा. शेवटी जे राहतं त्यात कापड, शिलाई, बटण, दोरा, पॅकिंग.

सेलची तूट सुरुवातीलाच धरलेली असते हे विसरू नका. सगळा माल पहिल्या भावात कधीच संपत नाही. म्हणून जो पहिल्या आठवड्यात पूर्ण भावाने घेतो, तो नंतर निम्म्या भावाने घेणाऱ्याचा भार उचलत असतो. त्याला त्याबदल्यात आपल्या मापाचा, आवडीच्या रंगाचा नग हमखास मिळतो. ज्यांचं माप ३८-४० आहे त्यांनी हा विचार जरूर करावा, कारण ही मापं आधी संपतात.

मनोवेध

वर सगळ्यांनी वस्तूचा हिशेब दिला. खरेदी करणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं तेही तितकंच मोजता येतं.

अर्थशास्त्रज्ञ हार्वे लीबेनस्टाइन यांनी १९५० मध्ये अशा मागणीचे तीन प्रकार वेगळे केले. सगळे घेतात म्हणून घेणारे. फार जणांकडे नाही म्हणून घेणारे. आणि महाग आहे म्हणूनच घेणारे. तिसऱ्या प्रकाराला अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचं नाव आहे. दुकानात हे तिघे एकाच काउंटरवर उभे असतात, पण त्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. पहिल्याला मोठं चिन्ह हवं असतं, दुसऱ्याला चिन्ह नकोच असतं, तिसऱ्याला किंमत ऐकणारा माणूस हवा असतो.

चिन्हाचा परिणाम खरोखर होतो का? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. मॉलमध्ये एकीने लोकांना प्रश्नावली भरायची विनंती केली. स्वेटरवर टॉमी हिलफिगरचं चिन्ह होतं तेव्हा ५२ टक्के लोक तयार झाले, चिन्ह नव्हतं तेव्हा १३ टक्के. माणूस तोच, विनंती तीच. एका प्रयोगावर सगळं तोलू नये, पण मुलाखतीला किंवा विमा विकायला जाणारा चिन्हाचा शर्ट का घेतो याचं उत्तर त्यात आहे. त्याच्यासाठी तो कामाचा खर्च आहे.

२०१० च्या दुसऱ्या एका अभ्यासात गुच्ची आणि लुई व्हिटॉनच्या बॅगांची चिन्हं मोजली गेली. किंमत वाढत गेली तसं चिन्ह लहान होत गेलं. ज्याला ओळखणारे लोक आजूबाजूला आहेत त्याला ओरडून सांगावं लागत नाही.

मला यातली खरी गोष्ट ही वाटते: ब्रँड अनोळखी लोकांत काम करतो. आपल्या पेठेत माणूस कुणाचा, घर कुठलं, धंदा काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे शर्टाने नवीन काही सांगायचं उरत नाही. तोच मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला की त्याच्याबद्दल कुणाला काहीच माहीत नसतं. मग शर्ट, बूट, घड्याळ हेच बोलतं. इथून बाहेर जाणाऱ्या मुलांच्या पहिल्या पगारात ब्रँडचा शर्ट असतो तो यामुळे. त्याला उधळपट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

चाटीगल्ली

मनोवेध, एकदम बरोबर बोललात. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बघा की. नंदीध्वजांबरोबर चालणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. तिथं कुणाला नावाची उणीव भासत नाही, कारण माणूस कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं ओ.

पण एक राहिलं, आहेर. लग्नाच्या मानपानात आधी शर्टपीस-पँटपीस, टॉवेल, टोपी, नारळ असायचा. कापड कसं आहे ते घेणारा बोटात धरून बघायचा. आता तयार शर्टाचा खोका देतात, आणि खोक्यावरचं नाव बघितलं जातं. कारण साधं आहे: देणाऱ्याला घेणाऱ्याचं माप माहीत नसतं, आवड माहीत नसते. ब्रँडचा खोका असला की बदलून मिळतो, आणि केवढ्याचा आहे ते न सांगता समजतं. व्याह्यांना आहेर द्यायचा तर गिऱ्हाईक तिथं घासाघीस करत नाही.

म्हणून आहेरासाठी घेताना दोन गोष्टी बघून घ्या. बदलायची मुदत किती दिवसांची, आणि दुसऱ्या गावातल्या शाखेत बदलून मिळतो का. पुष्कळ ठिकाणी ज्या दुकानाचं बिल तिथंच बदल होतो. पाहुणा लातूरचा असेल तर सोलापूरच्या बिलाचा त्याला काय उपयोग?

ताणाबाणा

मनोवेध यांचं पटतं, तरी एक आक्षेप आहे. नावाला पैसे द्यायला हरकत नाही, पण ते नाव वस्तूच्या मागे खरंच उभं आहे का ते बघायला हवं.

कपड्यात नावाचं लेबल शिवायची पद्धत पॅरिसमध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थने रुळवली; त्याचं दुकान १८५८ चं. तिथे नाव म्हणजे कापणाऱ्याची सही होती. १९३३ मध्ये लाकोस्तने मगर शर्टाच्या बाहेर छातीवर आणली. टेनिसपटूने स्वतःच्या खेळासाठी बनवलेला जाळीदार विणीचा शर्ट होता तो, म्हणजे चिन्हामागे वस्तू होती. पुढे पिअर कार्डांने आपलं नाव शेकडो वस्तूंना परवान्यावर दिलं. नाव त्याचं, बनवणारा भलताच. आज आपल्या बाजारात असे परवान्यावरचे ब्रँड भरपूर आहेत.

ओळखायला आतलं लेबल वाचा. 'निर्मिती', 'विपणन' आणि 'परवान्याखाली' या तीन ओळींत कुणाकुणाची नावं आहेत ते पाहा. परवान्याचा माल वाईटच असतो असं नाही. पण पॅरिसच्या दुकानातला आणि आपल्याकडचा शर्ट एकाच हातचा आहे असं समजून जादा पैसे देऊ नयेत.

आणि टंचाई मुद्दाम राखली जाते हेही सांगायला हवं. बर्बरीने २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. स्वस्तात विकला तर नावाची किंमत उतरेल म्हणून. टीका झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी हे बंद करत असल्याचं जाहीर केलं. कापूस पिकवण्यापासून शिवण्यापर्यंत किती हात लागतात हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावातल्या माणसाला हे वाचून वाईट वाटणारच.

काजबटण

नाव आणि माप यांची गल्लत होऊ देऊ नका. माझ्या मते महाग ब्रँडकडे परत परत जाणाऱ्यांचं सगळ्यात खरं कारण माप हे आहे. ४० स्लिम म्हटलं की दोन वर्षांनी घेतला तरी खांदा तोच, बाही तीच. चांगली कंपनी मापांचा साचा सहसा बदलत नाही आणि कापड आधी आटवून घेते.

आटणं किती महागात पडतं बघा. ४० सेंटिमीटरची कॉलर ३ टक्के आटली तर १.२ सेंटिमीटर गेली. वरचं बटण लागत नाही. बाही ६४ ची असेल तर जवळजवळ २ सेंटिमीटर वर चढते. कापड दाबून आटवलेलं असेल तर हे १ टक्क्याच्या आत राहतं. घेताना ट्रायल रूममध्ये हात वर करून बघा, बसून बघा, वरचं बटण लावून त्यात दोन बोटं जातात का बघा.

जुळे_सोलापूरकर

लग्नाच्या ब्लेझरबद्दल कुणी सांगेल का? दहा हजार आणि चाळीस हजार यात काय फरक? आणि लेबलवरचं 'सुपर १२०' म्हणजे काय?

काजबटण

'सुपर'चा आकडा लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो. सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. हा आकडा फक्त लोकरीला लागू आहे. पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या कापडाच्या काठावरही 'सुपर १००' छापलेलं सापडतं, त्याला काही अर्थ नाही. लोकर किती टक्के तेवढं विचारा.

ब्लेझरचा खरा खर्च छातीच्या आत असतो. स्वस्तात पुढचा सगळा भाग बकरमने चिकटवलेला. मधल्या भावात छाती आणि लॅपलपर्यंत (पुढच्या दुमडलेल्या कडेपर्यंत) कॅनव्हास, म्हणजे आतलं जाड कापड शिवलेलं. वरच्या भावात खांद्यापासून खालपर्यंत कॅनव्हास, आणि तो हातटाक्यांनी सैल धरलेला, म्हणून तो अंगाचा आकार घेतो. तपासायला शेवटच्या बटणाच्या खाली कापड चिमटीत धरा, वरचा थर आणि अस्तर वेगवेगळे ओढा. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना जाणवला तर पूर्ण कॅनव्हास आहे. दोनच थर आणि वरचा कडक असेल तर चिकटवलेला.

वर्षातून दोन लग्नांना घालायचा असेल तर चिकटवलेला पुरतो. ड्रायक्लीनला कमी द्या, घडी न घालता रुंद खांद्याच्या हँगरला टांगा. एक पक्कं सांगतो, खांदा बसत नसेल तर तो ब्लेझर घेऊच नका. कंबर, बाही, लांबी इथला कुठलाही टेलर मास्तर नीट करून देईल. खांदा उसवून परत बसवणं जवळजवळ नवीन शिवण्यासारखंच काम आहे, आणि बिघडायची भीती वेगळीच.

जरीकाठ

लेहंग्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. डिझायनरच्या लेहंग्यात पैसे तीन जागी जातात: हातकाम, कळ्या (घेराचे तिरके तुकडे) आणि नाव.

हातकाम ओळखायला कापड उलटं करा. जरदोजीच्या (धातूच्या तारेच्या भरतकामाच्या) मागे दोऱ्याच्या गाठी आणि लहानमोठे टाके दिसतात. मशीनच्या कामामागे एकसारखा पांढरा बॉबिनचा दोरा आणि बहुतेक वेळा कागदी अस्तर असतं. पुढून दोन्ही सारखे दिसू शकतात. फोटोत तर दिसतातच, म्हणून फोटोवरून ऑर्डर देऊ नये.

जरीचंही विचारून घ्या. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांब्याची तार, ती घामाने काळी पडते. सगळ्यात स्वस्त म्हणजे पॉलिएस्टरची चमकती पट्टी, ती जाळली की वितळते. पैठणीला हाच नियम. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल बघा, आणि पदराच्या टोकाचा धागा जाळला तर केस जळल्याचा वास यायला हवा, राख चुरडली जायला हवी.

ऑर्डर देताना हे लिहून घ्या: कळ्या किती, फिटिंग किती वेळा, ब्लाउजच्या आत दाब दोन्ही बाजूंना किमान दीड इंच, उरलेलं कापड परत मिळणार का, तारीख चुकली तर काय. दाब ठेवला नसेल तर तो ब्लाउज पुढे दुसऱ्या कुणाला होत नाही.

नावाबद्दल एवढंच. २०२१ मध्ये आदित्य बिर्ला फॅशनने सब्यसाचीच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. एवढी मोठी कंपनी ज्यासाठी पैसे मोजते ते लेहंग्याचं कापड नसतं, नावच असतं. नवरी ते नाव घेते कारण तो दिवस एकदाच येतो आणि फोटो जन्मभर राहतात. त्यात कमीपणा मानायचं कारण मला दिसत नाही. फक्त कर्ज काढून घेऊ नये, आणि ज्या कामाचे पैसे लावलेत ते काम खरंच हाताचं असावं.

जुळे_सोलापूरकर

खूप उपयोगी. 'फर्स्ट कॉपी' आणि 'एक्स्पोर्ट सरप्लस' यात काय फरक धरावा?

चाटीगल्ली

दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. फर्स्ट कॉपी म्हणजे खोटं नाव लावलेला माल. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ प्रमाणे तो विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. वर कापडाची, रंगाची काही हमी नाही. चिन्हाची मागची बाजू बघा: अक्षराअक्षरांमधले दोरे कापलेले नसतात आणि मागचा कागद टोचतो.

सरप्लस म्हणजे खऱ्या ऑर्डरचे जादा शिवलेले नग. लेबल अर्धं कापलेलं असतं. चांगला मिळतो, पण तपासून घ्या. दोन्ही बाह्या एकमेकींवर धरून मोजा, कॉलरची दोन्ही टोकं जुळवा, उजेडात नेऊन पुढच्या-मागच्या भागाच्या रंगात फरक आहे का बघा, सुईची भोकं बघा. आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने आतली शिवण घासा. रंग लागला तर तो शर्ट तिथंच ठेवा.

होटगीरोड_वाचक

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. चांगलं कापड घेऊन इथंच मास्तरकडून शिवून घेतलं तर ब्रँडच्या जवळ जाता येतं का? आणि घेतलेला चांगला शर्ट टिकवायचा कसा?

काजबटण

शर्टाच्या बाबतीत नक्की जाता येतं. ५८ पन्हा असेल तर १.६ मीटर, ३६ पन्हा असेल तर सव्वादोन ते अडीच. चौकडा असेल तर पाव मीटर जास्त घ्या. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, मग मास्तरकडे द्या. इंचाला १४-१६ टाके, बगलेची शिवण ओव्हरलॉकऐवजी दुमडून, बटणं लॉक टाक्याने, बकरम आधी आटवलेलं, हे चार शब्द माप देतानाच सांगा. मजुरी थोडी जास्त मागतील, ती द्या. त्यांचा वेळ खरंच जास्त जातो. पहिला एकच शर्ट शिवून घ्या, तीन वेळा धुवा, मगच पुढचे शिवायला टाका.

धुताना कॉलर-कफची बटणं सोडा, शर्ट उलटा करा, पाणी कोमटाच्या वर नको. कॉलरवर ब्रश घासू नका, साबण लावून दहा मिनिटं ठेवा आणि बोटांनी चोळा. बोअरच्या जड पाण्यात साबण कापडात बसून राहतो, म्हणून शेवटचं खळबळणं दोनदा करा. आपल्याकडच्या उन्हात वाळत घालायचा तर उलटाच, आणि वाळताक्षणी काढा. इस्त्री थोडा ओलसर असताना, कॉलर टोकांकडून मधल्या बाजूला, म्हणजे चुणी टोकाला गोळा होत नाही.